हजेरी शोधायच्या शीटची माहितीवही कशी लिहिली

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार. तिमाहीची शेवटची बैठक आटोपून मी नागपूरच्या नंदनवन भागातून घरी निघाले होते, तेवढ्यात आमच्या गटातल्या एका काकूंचा फोन आला. आवाज दाटून आलेला. "ताई, माही हजेरी ६९ टक्केच कशी दाखवून राहिली? मी तीनच शनिवार चुकवले न. पोरीच्या फीसाठी अर्ज टाकला होता मी."

आमच्या बचत गटांनी स्वतःच ठरवलेला नियम आहे. तिमाहीत हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की कर्जाचा अर्ज एक बैठक थांबतो. काकूंचा अर्ज थांबणार होता.

घरी येऊन मी कागदी रजिस्टर उघडलं. जुलै ते सप्टेंबर १३ शनिवार. त्यातला २३ ऑगस्ट मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मिरवणुकीचा. त्या दिवशी इतवारी-महालाकडे पाय ठेवायला जागा नसते, अर्ध्या बायका लेकरांना घेऊन मारबत बघायला गेलेल्या, म्हणून आम्ही बैठक ठेवलीच नव्हती. म्हणजे झालेल्या बैठका १२, काकू हजर ९. बरोबर ७५ टक्के. हजेरीच्या गुगल शीटमध्ये मात्र २३ ऑगस्टसमोर सगळ्यांच्या नावाला ‘गै’, म्हणजे गैरहजर, लागलेलं. १३ पैकी ९ केले की ६९ येतात.

नोंदी टाकणाऱ्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं न ताई, रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून." सांगितलं होतं, मीच. बैठक झाली नसेल तर काय टाकायचं, हे मात्र सांगितलं नव्हतं, आणि ते कुठं लिहिलेलंही नव्हतं. शीटचं गणित बरोबर, मुलीचं काम बरोबर, आणि तरी एका बाईचा अर्ज अडला. त्या रात्री मी माहितीवही, म्हणजे शीट कशी वापरायची ते सांगणारी वही, लिहायला घेतली. बचत गट असो, भजनी मंडळ असो की अभ्यासिका, ज्यांच्याकडे अशी हजेरीची शीट आहे त्यांना ही वही कशी लिहायची ते कळावं म्हणून हे सगळं मांडते आहे.

आधी शीट कशी आहे ते थोडक्यात. आमच्याकडे १४ गट, १७१ सभासद. प्रत्येक गट आठवड्याला एकदा बसतो. वर्षाच्या आठ-नऊ हजार नोंदी होतात. रजिस्टर चाळून एका बाईची वर्षाची हजेरी काढायला मला पाऊण तास लागायचा. माझ्या भाच्यानं गुगल शीटमध्ये हे बसवून दिलं. त्यात पाच पानं आहेत: सभासद, बैठका, नोंद, शोध आणि दुरुस्ती. ‘शोध’ पानावर पिवळे रकाने आहेत. त्यात गट, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत आणि हवा असेल तर सभासदाचा क्रमांक टाकला की खाली उत्तर येतं. भाचा आता नोकरीसाठी पुण्यात असतो. रात्री नऊनंतर फोन उचलतो, पण आमच्या बायकांना प्रश्न पडतो दुपारी तीनला.

प्रश्न गोळा करा, बटणं नंतर

पहिला मसुदा मी पानांच्या क्रमानं लिहिला होता. सभासद पानावर काय, बैठका पानावर काय, असं. तो फाडून टाकला. वही उघडणाऱ्या बाईला पाच पानांशी काही घेणं नसतं, तिच्या डोक्यात एक प्रश्न असतो. म्हणून आठवडाभर मी एकच काम केलं. कोणी काही विचारलं की तिच्याच शब्दांत मागच्या पानावर टिपून ठेवलं. "माही हजेरी किती झाली?" "आमच्या गटात सतत कोण येत नाही?" "मागच्या शनिवारी किती जणी होत्या?" "मी नवीन आहे, माही कधीपासून धरता?" "बँकेत दाखवायचा कागद कसा काढू?"

नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकजोडणीचा, म्हणजे बचत गटांना बँकेचं कर्ज मिळण्याचा, प्रयोग सुरू केला. तेव्हापासून गटाकडे तारण नसलं तरी बैठका, बचत आणि परतफेड नियमित आहे का, हेच बघितलं जातं. त्यामुळे तो शेवटचा प्रश्न प्रत्येक गटाला कधी ना कधी पडतोच. मी वहीतली शीर्षकं या प्रश्नांचीच ठेवली, भाषाही त्यांचीच. तुम्हीही तसंच करा. प्रश्न स्वतः बनवू नका, ऐका आणि टिपा. मी बनवलेल्या प्रश्नांपैकी अर्धे कोणीच विचारले नाहीत.

खुणांचा अर्थ पहिल्या पानावर

वहीतलं सगळ्यात मोलाचं पान हेच, आणि मी सर्वांत जास्त वेळ इथंच घालवला. शीटमध्ये हजेरीच्या चार खुणा आहेत. ‘ह’ म्हणजे हजर. ‘उ’ म्हणजे हजेरी झाल्यावर पंधरा मिनिटांहून उशिरा आली. टक्केवारीत ही हजरच धरतो, पण आकडा वेगळा दाखवतो. ‘क’ म्हणजे आधी कळवून आली नाही. ‘गै’ म्हणजे न कळवता आली नाही. या खुणा वर्ग चालवणाऱ्या कोणालाही कळतील. गोंधळ होतो तो उरलेल्या दोन गोष्टींत, बैठक न होणं आणि नोंद राहून जाणं.

बैठक झालीच नसेल तर ‘नोंद’ पानावर काहीही टाकायचं नाही. ‘बैठका’ पानावर त्या तारखेसमोर ‘झाली नाही’ लिहायचं, की शीट तो दिवस मोजणीतून काढते. बैठक झाली पण एखादीची खूण टाकायची राहिली असेल तर तो रकाना रिकामाच दिसला पाहिजे, आणि ‘शोध’ पानावर ‘नोंद नाही: १’ असं वेगळं उमटलं पाहिजे. रिकाम्याला गैरहजर धरणं सोयीचं वाटतं, पण त्यानं आपल्या विसराळूपणाचा दंड दुसरीला बसतो. भाच्याला सांगून मी हे बदलून घेतलं. साधन चुकीचं वागत असेल तर वहीत इशारा लिहिण्याऐवजी साधनच दुरुस्त करून घ्यावं. इशारे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग टक्केवारी. ‘हजर भागिले एकूण बैठका’ एवढं लिहून मी थांबले असते तर वही लिहून उपयोगच नव्हता, कारण सगळा वाद ‘एकूण’ या शब्दात आहे. म्हणून दोन उदाहरणं पूर्ण सोडवून दिली. पहिलं काकूंचं, नाव न घेता: १३ शनिवार, एक बैठक झाली नाही, उरल्या १२, हजर ९, उत्तर ७५ टक्के. दुसरं नव्या सभासदाचं. ती ९ ऑगस्टला गटात आली. त्या दिवसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ८ शनिवार, त्यातून मारबतीचा वजा, उरले ७. ती ६ वेळा आली. ७ पैकी ६ म्हणजे जवळपास ८६ टक्के. तिला १२ नं भागलं तर ५० येतात आणि आल्या आल्या तिच्यावर ठपका बसतो. ‘सभासद’ पानावर ‘गटात आल्याची तारीख’ हा रकाना का भरायचा, हे या उदाहरणानंतर समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय शीटमध्ये मी एक ‘नमुना गट’ ठेवला आहे. तीन सभासद, चार बैठका, सगळं ठरवून भरलेलं. वहीत लिहिलं आहे की नमुना गट निवडा, या तारखा टाका, दुसऱ्या सभासदाची हजेरी ७५ टक्के दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर पुढं जाऊ नका, मला फोन करा. शीट बिघडली आहे की आपलं काही चुकलं, हे यानं दोन मिनिटांत कळतं.

तारखा आणि नावं

हे पान मी ऑक्टोबरात जोडलं. एका गटानं नवी प्रत काढून घेतली होती, आणि तिच्यात जुलै महिनाच गायब. नोंदी डोळ्यांना दिसतात, पण शोधात येत नाहीत. कारण त्या प्रतीचं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीनं वाचायच्या ती सेटिंग, अमेरिकेचं होतं. तिथं महिना आधी, दिवस नंतर. ०५/०७/२०२५ हा आपला पाच जुलै, पण शीटनं तो सात मे धरला. १२/०७ गेला सात डिसेंबरात. १९/०७ ला तर एकोणिसावा महिना कुठून आणणार, म्हणून तिनं त्याला तारीखच मानलं नाही, साधा मजकूर म्हणून ठेवलं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ०९/०८. तो आठ सप्टेंबर होऊन तिमाहीतच राहिला, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

वहीत याचे दोनच उपाय लिहिले. नवी प्रत काढली की पहिल्यांदा ‘फाइल’मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘लोकेल’ला भारत निवडा, आणि हे नोंदी टाकण्याआधी करा, आधी चुकून बसलेल्या तारखा नंतर लोकेल बदलून सरळ होत नाहीत, त्या पुन्हा टाकाव्या लागतात. दुसरं, तारखांच्या रकान्यावरून नुसती नजर फिरवा. शीटला कळलेली तारीख उजवीकडे चिकटते, न कळलेली डावीकडे. डावीकडे एक जरी दिसली तरी थांबा.

नावानं शोधू नका, हेही ठळक लिहिलं. शीला आणि शिला, ज्योती आणि ज्योति, आडनावाआधी एक जागा सुटलेली, दोन सुटलेल्या. माणसाला एकच वाटतं, शीटला वेगळं. आमच्या एका गटात एकाच नावाच्या दोघी आहेत, आडनावही एकच, कारण जावा-जावा. म्हणून क्रमांक. पण क्रमांकाचाही अनुभव सांगते. सुरुवातीला आम्ही चौथ्या गटातल्या अकराव्या सभासदाला ०४-११ असा क्रमांक दिला होता. शीटनं त्याची तारीख करून टाकली. आता क्रमांक अक्षरानं सुरू होतो, ‘ग४स११’ असा. आणि आकडे कोणते, मराठी की इंग्रजी, हे एकदा ठरवून वहीच्या कव्हरच्या आत लिहून टाका. एकीनं मराठी चार आणि दुसरीनं इंग्रजी चार टाकला तर शीटला ते दोन वेगळे क्रमांक वाटतात.

पायऱ्या लिहिताना

शोधायच्या पायऱ्या चारच आहेत, त्यामुळे त्यावर फार शाई घालवू नका. पण प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसेल ते लिहा. ‘गट निवडा’ एवढं पुरत नाही. ‘पिवळ्या रकान्यावर बोट ठेवा, १४ गटांची यादी उघडेल, आपला गट निवडला की शेजारी गटाची सभासदसंख्या दिसेल’ असं लिहिलं की बाई स्वतःच पडताळून पाहते.

उत्तराच्या जागी काहीच आलं नाही किंवा ‘एन ए’ अशी इंग्रजी अक्षरं आली, तर बायका घाबरून फोन बंद करतात. तिथं तीन कारणं दिली, ज्या क्रमानं घडतात त्याच क्रमानं. त्या आठवड्याची नोंद अजून टाकलेली नाही. क्रमांकात चूक आहे. ‘पासून’ची तारीख ‘पर्यंत’च्या नंतरची पडली आहे. आणि त्याखाली एक ओळ: तुमच्या हातून काही पुसलं गेलेलं नाही. बायकांना हीच ओळ सर्वांत जास्त उपयोगी पडली. नोंदीचं पान कुलूपबंद केलेलं आहे, त्यामुळे ती खरीही आहे.

एक अडचण मला लिहिता लिहिता सापडली. शीट सगळ्यांची एकच, म्हणजे पिवळे रकानेही सगळ्यांचे एकच. पारडीची बाई तिचा गट निवडून वाचत असते, त्याच वेळी दिघोरीची दुसरा निवडते आणि पहिलीच्या पडद्यावरचं उत्तर बदलतं. तिला वाटतं आपलंच चुकलं. आता ‘शोध’ची चार पानं केली आहेत, प्रत्येक विभागाला एक, आणि वहीत लिहिलं आहे की आपल्याच विभागाचं पान वापरा. पायऱ्या एकेक करून लिहायला बसलं की अशा गोष्टी वर येतात, म्हणून वही लिहिण्याचं काम साधन वापरात येण्याआधी केलं असतं तर बरं झालं असतं.

जे लिहायचं नाही

‘नोंद’ पानावर आधी एक ‘कारण’ रकाना होता. मीच मागितला होता. वाटलं, का आली नाही ते कळलं तर मदत करता येईल. एकदा एकीच्या नावापुढे नोंदलं गेलं, ‘घरचे येऊ देत नाहीत’. खरंच होतं ते, तिनं विश्वासानं सांगितलं होतं. मग तिमाहीचा कागद नेहमीसारखा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तो रकाना धरून. दुसऱ्या दिवशी तिच्या घरापर्यंत पोचला. ती पुढचे पाच शनिवार आली नाही. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, बसलो, चहा घेतला. तिनं काही बोलून दाखवलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

तो रकाना काढून टाकला. वहीत आता त्याबद्दल अर्धं पान आहे: ‘क’ किंवा ‘गै’ एवढंच नोंदवा. आजारपण, घरातलं, बाळंतपण, कशाचीही नोंद शीटमध्ये नको. कळलं तर जाऊन भेटा. बाहेर पाठवायचा कागद नेहमी ‘शोध’ पानावरून काढा, ‘नोंद’ पानावरून कधीच नाही, आणि एका सभासदाचा कागद तिलाच द्या. शीटची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकायची नाही. कोणाला बदल करता येतात आणि कोणाला नुसतं बघता येतं, त्यांची यादी तिमाहीला एकदा तपासायची, आणि काम सोडून गेलेल्यांची परवानगी त्याच दिवशी काढायची. तुमच्या शीटमध्ये असा रकाना असेल तर वही लिहिण्याआधी तो काढा, एवढं मनापासून सांगते.

दुसरीच्या हातात द्या आणि गप्प बसा

दिवाळीच्या आधी वही लिहून झाली, तेव्हा मी ती वाठोड्याच्या एका मावशींच्या हातात दिली. साठी ओलांडलेल्या, सातवी शिकलेल्या, शीट कधी उघडलेली नाही. त्यांना म्हटलं, "मावशी, तुमचीच हजेरी काढा. मी काहीच सांगणार नाही." आणि शेजारी कागद घेऊन बसले. गप्प बसणं फार अवघड जातं, पण आपण एकदा जरी "इथं दाबा" म्हटलं की ती परीक्षा वहीची राहत नाही.

त्या तीन ठिकाणी अडल्या. पहिल्याच वाक्याला: "टॅब म्हणजे काय वं?" आता तिथं लिहिलं आहे, ‘पडद्याच्या खालच्या पट्टीवर शोध असं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवा’. दुसरं, तारीख टाकून त्या वाट बघत बसल्या. मोबाइलवर आकडे टाकल्यावर शेजारची बरोबरची खूण दाबावी लागते, ते मी लिहिलंच नव्हतं, कारण माझं बोट आपोआप तिकडं जातं. तिसरं, उत्तर आलं ९२ टक्के, आणि त्या म्हणाल्या, "मंग हे चांगलं की कमी?" नियम काय आहे, कितीच्या खाली गेलं तर काय होतं, तेही उत्तराशेजारी लिहायला हवं होतं. तेही जोडलं.

एवढं करून वही चार पानांची झाली. मोठ्या अक्षरात छापली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली, प्रत्येक गटाच्या पेटीत एक. पडद्याची चित्रं दोनच ठेवली. मोबाइलवरचं रूप बदललं की चित्रं खोटी पडतात आणि बायका शब्दांपेक्षा चित्रावर विश्वास ठेवतात. हाच मजकूर शीटच्या पहिल्या पानावरही आहे, म्हणजे पाकीट हरवलं तरी अडत नाही. वरच्या कोपऱ्यात शेवटच्या बदलाची तारीख. शीटमध्ये काहीही बदललं तर आधी वही, मग बदल, हे भाच्यानंही मान्य केलं आहे.

शेवटच्या पानावर रजिस्टरची गोष्ट लिहिली आहे. शीट आणि कागदी रजिस्टर यांत फरक दिसला तर रजिस्टर खरं, कारण त्यावर बाईची सही किंवा अंगठा आहे. शीटमधली खूण गुपचूप बदलायची नाही. ‘दुरुस्ती’ पानावर तारीख, क्रमांक, आधी काय होतं, आता काय केलं आणि कोणी केलं ते लिहायचं, मग बदलायचं. त्या पानावरची पहिली ओळ २३ ऑगस्टची आहे. काकूंचा अर्ज पुढच्याच शनिवारी मंजूर झाला, आणि त्या ओळीसमोर ‘रजिस्टर पाहिले’ या रकान्यात सही त्यांचीच आहे.